सोडत आधी, कार्यक्रम नंतर : सामाजिक कार्यक्रमांचे यादृच्छिक मूल्यमापन शिकू इच्छिणाऱ्यांसाठी

नाशिक जिल्ह्यात सामाजिक कामाची वानवा नाही. आदिवासी विकास आयुक्तालय याच शहरात आहे, जिल्हा परिषदेच्या शाळा आणि अंगणवाड्या पंधराही तालुक्यांत पसरल्या आहेत, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील कंपन्यांचा सीएसआर निधी गावोगाव पोहोचतो आणि सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या भागांत अनेक संस्था तळमळीने काम करत आहेत. या कामांचे अहवालही नियमितपणे लिहिले जातात. किती वर्ग चालले, किती मुले आली, किती मेळावे झाले, निधीचा किती टक्के विनियोग झाला, हे सारे त्यांत असते. पण त्या कामामुळे मुलांच्या शिकण्यात किंवा आरोग्यात नेमका किती फरक पडला, हे बहुतेक वेळा नसते. कार्यकर्त्यांना ते जाणून घ्यायचे असते, परंतु फरक मोजायचा कसा याचे शिक्षण त्यांना क्वचितच मिळालेले असते.

हा लेख संस्थांतील कार्यक्रम समन्वयक, पंचायत समितीतील अधिकारी, सीएसआर विभागात काम करणारे आणि समाजकार्याचे अध्यापक यांच्यासाठी आहे. काही गावांना किंवा शाळांना सोडत काढून कार्यक्रम आधी द्यायचा आणि उरलेल्यांशी त्यांची तुलना करायची, या पद्धतीला यादृच्छिक मूल्यमापन म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला आरसीटी असेही म्हटले जाते. संख्याशास्त्राची पदवी नसलेल्या व्यक्तीलाही तिचा गाभा समजू शकतो. माझे ठाम मत असे आहे की, या विषयाच्या प्रशिक्षणात सर्वाधिक वेळ कार्यक्रम सुरू होण्यापूर्वीच्या निर्णयांना द्यायला हवा. कार्यक्रम एकदा सर्वत्र सुरू झाला की सोडत काढता येत नाही, आणि मग कितीही हुशार विश्लेषक आणला तरी निसटून गेलेली तुलना परत मिळत नाही.

पहिली पायरी : ‘हे केले नसते तर काय झाले असते?’

प्रशिक्षणाची सुरुवात या एका प्रश्नाने करावी आणि तो अंगवळणी पडेपर्यंत पुढे जाऊ नये. समजा, पेठ तालुक्यातील काही पाड्यांवर ऑगस्टमध्ये लहान मुलांची वजने घेतली, त्यानंतर पोषणाचा एखादा उपक्रम राबवला आणि फेब्रुवारीत पुन्हा वजने घेतली. वजने वाढलेली दिसली, तर ते श्रेय उपक्रमाचे म्हणता येईल का? पावसाळ्यात घरातले धान्य संपत आलेले असते, आजारपण वाढलेले असते, रस्ते तुटलेले असतात. भात-नागली घरात आल्यावर परिस्थिती आपोआप काहीशी सुधारते. शिवाय मुले सहा महिन्यांनी मोठी झालेली असतात. म्हणजे आधीची आणि नंतरची तुलना ऋतूचा, वयाचा आणि उपक्रमाचा परिणाम एकाच आकड्यात मिसळून टाकते.

दुसरी नेहमीची तुलना ‘लाभार्थी’ आणि ‘बिगर-लाभार्थी’ यांची असते, आणि तीही तितकीच फसवी ठरू शकते. दिंडोरी किंवा निफाडमधील द्राक्ष बागायतदारांसाठी प्रशिक्षण ठेवले, तर स्वतःहून येणारे शेतकरी बहुधा आधीपासूनच जास्त चौकस, पाण्याची सोय असलेले आणि कर्ज मिळण्याची शक्यता अधिक असलेले असतात. पुढच्या हंगामात त्यांचा माल चांगला निघाला, तर तो प्रशिक्षणामुळे की मुळातल्या फरकामुळे, हे सांगता येत नाही.

सोडत ही अडचण सोडवते. पुरेशा मोठ्या संख्येने शाळा किंवा गावे घेऊन चिठ्ठ्यांनी त्यांचे दोन गट केले, तर पाणी, रस्ता, शिक्षकांची तळमळ, पालकांचे स्थलांतर अशा दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या सर्व बाबतींत दोन्ही गट सरासरीने सारखे असतात. त्यानंतर दिसणारा फरक योगायोगाच्या मर्यादेपलीकडचा असेल, तर तो कार्यक्रमाचा मानता येतो.

शासकीय कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देताना इथे एक गफलत हमखास होते. पीक कापणी प्रयोगामुळे (निवडक प्लॉटवरचे पीक कापून उत्पादनाचा अंदाज काढण्याच्या पद्धतीमुळे) कृषी आणि महसूल विभागातील मंडळींना यादृच्छिक निवड परिचित असते. मूळचे सातारा जिल्ह्यातील संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी त्या पद्धतीच्या उभारणीत मोठे काम केले. प्लॉट कर्मचाऱ्याच्या मर्जीने न ठरता यादृच्छिक संख्यांवरून ठरावा, हे त्यातले तत्त्व. पण तिथे सोडत कोणाला मोजायचे हे ठरवते, आणि मूल्यमापनात ती कार्यक्रम कोणाला द्यायचा हे ठरवते. पहिलीने संपूर्ण तालुक्याचे प्रातिनिधिक चित्र मिळते. दुसरीने कारण आणि परिणाम यांचा संबंध कळतो. चांगल्या अभ्यासात बहुधा दोन्ही लागतात, आणि प्रशिक्षणार्थ्याला हा भेद स्वतःच्या शब्दांत सांगता आला पाहिजे.

दुसरी पायरी : झालेले अभ्यास बारकाईने वाचा

अमूर्त चर्चेपेक्षा तीन-चार अभ्यास नीट वाचण्याने जास्त शिकता येते. मेक्सिकोच्या सरकारने १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ ही सशर्त अर्थसाहाय्याची योजना सुरू करताना मूल्यमापनासाठी ५०६ गावे घेतली. त्यांपैकी ३२० गावांना योजना आधी आणि १८६ गावांना नंतर मिळाली. निधी आणि यंत्रणा सर्वत्र एकाच वेळी पोहोचणार नव्हतीच, म्हणून आधी कोणाचा क्रम हे सोडतीने ठरवले. आपल्याकडच्या योजनाही टप्प्याटप्प्यानेच पसरतात, त्यामुळे हे उदाहरण नाशिकच्या अधिकाऱ्यांना सर्वांत जवळचे वाटते.

मराठी वाचकांसाठी ‘बालसखी’चा अभ्यास अधिक ओळखीचा ठरेल. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत मागे पडलेल्या मुलांना स्थानिक तरुणींकडून मूलभूत वाचन-गणित शिकवण्याचा उपक्रम चालवला आणि २००१ ते २००३ या काळात त्याचे यादृच्छिक मूल्यमापन झाले. पहिल्या वर्षी मुलांचे गुण ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाने (प्रमाण विचलन म्हणजे गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचे माप) वाढले. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात ‘सेवा मंदिर’ या संस्थेबरोबर झालेल्या १३४ गावांच्या अभ्यासात संपूर्ण लसीकरण झालेल्या बालकांचे प्रमाण तुलनेच्या गावांत ६ टक्के, नियमित लसीकरण शिबिरे भरवलेल्या गावांत १८ टक्के, आणि शिबिराबरोबर प्रत्येक लसीमागे एक किलो डाळ व लसीकरण पूर्ण झाल्यावर ताटे दिलेल्या गावांत ३९ टक्के आढळले. हैदराबादमधील १०४ वस्त्यांत सूक्ष्मवित्ताचे मूल्यमापन झाले, तेव्हा काही कुटुंबांनी नवे व्यवसाय सुरू केल्याचे दिसले. परंतु सरासरी खर्चात, मुलांच्या शिक्षणात किंवा स्त्रियांच्या निर्णयाधिकारात अपेक्षित बदल आढळला नाही. हा हैदराबादचा अभ्यास वगळू नये, कारण बचत गटांवर मनापासून श्रद्धा असलेल्या प्रशिक्षणार्थ्यांना तो विचारात पाडतो. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकल क्रेमर यांना २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक दारिद्र्यनिर्मूलनाच्या याच प्रायोगिक पद्धतीसाठी मिळाले.

त्याबरोबर गडचिरोलीचे कामही वाचावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळाची सेवा दिली, ४७ गावे तुलनेसाठी ठेवली आणि नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट झाल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. या गावांची विभागणी सोडतीने झालेली नव्हती, तरी या अभ्यासाने देशाचे आरोग्यधोरण बदलले. सोडत नसलेला प्रत्येक अभ्यास कुचकामी असतो, असा समज नव्या मंडळींत चटकन रुजतो. तो रुजू देऊ नये.

तिसरी पायरी : एकच प्रश्न, आणि त्यामागची साखळी

येथून पुढे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील जिल्हा परिषद शाळांत तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी पाड्यावरचे बारावी झालेले तरुण-तरुणी संध्याकाळी वाचनवर्ग घेणार आहेत, असे समजा. प्रशिक्षणार्थ्यांनी गटात बसून परिणामांची साखळी लिहावी: तरुण सापडतात, त्यांना मानधन वेळेवर मिळते, वर्ग भरतो, मुले येतात, मुलांच्या पातळीनुसार शिकवले जाते, वाचन सुधारते. प्रत्येक दुव्यापुढे तो कशाने तुटू शकतो आणि तुटला हे कशावरून कळेल, हेही लिहावे. शेवटी वर्षभराने फरक दिसला नाही, तर वर्गच भरले नव्हते की भरूनही उपयोग झाला नाही, हे या कागदाशिवाय कळणार नाही.

त्यानंतर मुख्य निष्पत्ती एकच ठरवावी. वाचन, गणित, उपस्थिती, आत्मविश्वास, पालकांचा दृष्टिकोन असे वीस निर्देशक ठेवले, तर कार्यक्रम पूर्ण निरुपयोगी असला तरी त्यांतला एखादा निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ दिसतो. कोणता निर्देशक मुख्य, तो कधी आणि कसा मोजणार आणि कोणते विश्लेषण करणार, हे आधी लिहून सार्वजनिक नोंदणीत टाकावे. सामाजिक विषयांसाठी अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनची आरसीटी नोंदणी आहे. आरोग्यविषयक चाचण्यांसाठी भारताची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री २००७ पासून चालू आहे.

चौथी पायरी : सोडत, आणि तिची नैतिक बाजू

‘अर्ध्या मुलांना वंचित ठेवायचे का?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जातो, आणि तो विचारलाच पाहिजे. उत्तर परिस्थितीनुसार बदलते. जे कायद्याने किंवा योजनेने देय आहे, म्हणजे शालेय पोषण आहार, रोजगार हमीचे काम, नियमित लसीकरण, त्याबाबत कोणालाही सोडतीने वगळता येणार नाही. फार तर त्यात काही जास्तीचे दिले तर काय होते, हे तपासता येईल. एखादी गोष्ट उपयुक्त आहे हे आधीच नक्की ठरलेले असेल, तर ती रोखून ठेवणारी चाचणी करूच नये. पण कार्यक्रम नवा असेल, उपयोगाबद्दल खरी शंका असेल आणि निधीच निम्म्या शाळांपुरता असेल, तर सोडत ही वशिल्यापेक्षा न्याय्य वाटणी आहे. आपल्या लोकांना ती परकी नाही: सरपंचपदाच्या आरक्षणाची चिठ्ठी लहान मुलाच्या हातून काढली जाते, शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांचे प्रवेश सोडतीने होतात.

नैतिकता समितीची मान्यता मात्र आधीच घ्यावी. वैद्यकीय महाविद्यालयांत अशा समित्या असतात, आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच असल्याने मार्गदर्शन मिळवणे इथल्या संस्थांना तुलनेने सोपे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे वाचून ठेवावीत. सामाजिक-वर्तनविषयक संशोधनाचा विचारही त्यांत आहे. मुलांबाबत पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही लागतात. संमतीपत्र वाचता न येणाऱ्या पालकाला ते कोकणा बोलीत समजावून सांगावे, आणि नकार दिल्यास शाळेत काहीही बिघडणार नाही, हे स्पष्ट करावे.

सोडत मुलांची, वर्गांची की शाळांची काढायची, हा पुढचा निर्णय. एकाच पाड्यावर निम्मी मुले वर्गात आणि निम्मी बाहेर, असे चालत नाही. भावंडे एकमेकांना शिकवतात, बाहेरची मुले खिडकीतून ऐकतात. केनियातील बुसिया भागात ७५ शाळांमधल्या जंतनाशक गोळ्यांच्या अभ्यासात, गोळ्या न घेतलेल्या मुलांमध्ये आणि शेजारच्या शाळांतही संसर्ग घटल्याचे दिसले होते. म्हणून आपल्या उदाहरणात शाळा हेच एकक धरावे, आणि एका गट ग्रामपंचायतीत अगदी लागून असलेल्या शाळा एकाच चिठ्ठीत ठेवाव्यात.

प्रत्यक्ष सोडतीपूर्वी शाळांची यादी यूडायस क्रमांकासह (शाळेच्या शासकीय ओळख क्रमांकासह) पक्की करावी, कारण सारख्या नावाचे पाडे अनेक आहेत. मग तालुका आणि केंद्र यांनुसार यादीचे भाग पाडून प्रत्येक भागात स्वतंत्र सोडत काढावी. त्यामुळे एखाद्या केंद्रातल्या सर्वच शाळा एका गटात जाण्याचा धोका टळतो, आणि केंद्रप्रमुखालाही आपल्याकडे काहीच आले नाही असे वाटत नाही. सोडत एक्सेलमध्ये काढत असाल, तर यादृच्छिक संख्यांचा स्तंभ तयार होताच तो ‘फक्त मूल्ये’ म्हणून पुन्हा चिकटवावा. अन्यथा फाइलमध्ये काहीही बदलले की साऱ्या संख्या नव्याने पडतात आणि मूळ सोडत सिद्ध करता येत नाही. आर किंवा स्टाटा ही संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर वापरत असाल, तर बीजसंख्या (जी दिल्यावर तीच सोडत पुन्हा काढता येते) लिहून ठेवावी. गटशिक्षणाधिकारी आणि मुख्याध्यापकांच्या समोर सोडत काढून यादीवर त्याच वेळी सह्या घेतल्या, तर नंतरचे अनेक फोन वाचतात.

पाचवी पायरी : किती शाळा लागतील

नवख्यांची सर्वाधिक निराशा इथे होते, म्हणून थोडे थांबून हिशेब समजावून घ्यावा. ०.२ प्रमाण विचलनाचा फरक ८० टक्के खात्रीने आणि ५ टक्के चुकीच्या मर्यादेत पकडायचा असेल, आणि सोडत एकेका मुलाची असेल, तर प्रत्येक गटात सुमारे ३९२ मुले पुरतात. पण सोडत शाळांची आहे, आणि एका शाळेतली मुले एकमेकांसारखी असतात: तेच शिक्षक, तोच पाडा, तीच बोली. मुलांमधल्या एकूण फरकापैकी २० टक्के फरक शाळा-शाळांमधला आहे असे धरले आणि प्रत्येक शाळेतली २० मुले तपासली, तर आवश्यक संख्या १ + (१९ × ०.२), म्हणजे ४.८ पट होते. गटाला सुमारे १,८८२ मुले आणि ९५ शाळा. दोन्ही गट मिळून १९० शाळा.

आता प्रशिक्षणार्थ्यांना विचारावे की शाळेमागे ४० मुले तपासली तर काय होईल. बहुतेकांना शाळा निम्म्या होतील असे वाटते. प्रत्यक्षात पट ८.८ होते आणि गटाला तरीही ८७ शाळा लागतात. मुले १० वर आणली, तर ११० शाळा. म्हणजे तपासणीचा सगळा जोर शाळांची संख्या वाढवण्यावर हवा; त्याच शाळेतली आणखी मुले तपासण्याने फारसे हाती लागत नाही. हा हिशेब प्रत्येकाने स्वतः कागदावर करून पाहावा. वर्गाला मुले निम्मीच आली, तर सरासरी परिणाम अर्धा होतो आणि लागणारी संख्या चौपट होते, हेही त्यातच कळते. शाळा इतक्या मिळणारच नसतील, तर हा अभ्यास करू नये. अपुऱ्या संख्येच्या अभ्यासात ‘फरक आढळला नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि एक चांगला कार्यक्रम त्यामुळे बंद पडू शकतो.

सहावी पायरी : मोजणी

वाचन तपासण्यासाठी नवे साधन शोधण्याची गरज नाही. ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद आणि गोष्ट अशा पायऱ्यांनी मुलांचे वाचन तपासते, आणि त्या धर्तीवर मराठी पत्रके तयार करता येतात. कठीण भाग आहे तो तपासनीसांच्या तयारीचा. मूल परिच्छेदावर अडखळते, शेजारी उभे असलेले गुरुजी पहिले अक्षर हळूच सांगतात, आणि तपासनीस भिडेपोटी काही बोलत नाही. हे एकदा घडले की ती नोंद निरुपयोगी होते. म्हणून मुलाला व्हरांड्याच्या टोकाला, इतरांकडे पाठ करून बसवावे. पत्रक त्याच्या हातात द्यावे. किती वेळ थांबायचे आणि कितव्या चुकीला खालच्या पायरीवर यायचे, हे लेखी ठरवावे. आणि ‘शाबास’ म्हणायचे तर सर्वांनाच म्हणावे. दोन तपासनीसांनी एकाच मुलाचे वाचन ऐकून स्वतंत्र नोंद करावी आणि ती जुळेपर्यंत सराव चालू ठेवावा. कोणती शाळा कोणत्या गटात आहे, हे तपासनीसाला शक्यतो कळू देऊ नये. वर्ग घेणाऱ्या तरुणांनाच तपासणीला बसवणे तर सर्वथा टाळावे.

नोंदी घेण्यासाठी टॅबलेटवर कोबोटूलबॉक्स किंवा ओडीकेसारखी साधने वापरता येतात आणि नेटवर्क नसतानाही ती चालतात. दहा टक्के मुलांची पुनर्तपासणी पर्यवेक्षकाने स्वतः करावी. नावे आणि मोबाइल क्रमांक वेगळ्या, कुलूपबंद फाइलमध्ये ठेवावेत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने वाचावा.

तपासणीचे वेळापत्रक जिल्ह्याच्या हंगामाशी जुळवावे लागते. पश्चिमेकडच्या पाड्यांवरची अनेक कुटुंबे भाताची काढणी झाली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जातात आणि मुलेही बरोबर असतात. जानेवारीत शाळेत सापडणारी मुले आणि जूनच्या पटावरची मुले वेगळी असतात. वाचनवर्गामुळे काही कुटुंबे मुलांना आजीकडे ठेवून गेली, तर कार्यक्रमाच्या शाळांत अशी मुले जास्त सापडतील आणि तुलना बिघडेल. उपाय एकच: पहिल्या यादीतले प्रत्येक मूल शोधायचे, बागेवर जाऊन शोधावे लागले तरी. त्यासाठीचा प्रवासखर्च अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरावा, कारण मागाहून तो कोणी मंजूर करत नाही.

सातवी पायरी : विश्लेषण आणि निष्कर्ष सांगणे

विश्लेषणाचा मूळ नियम सोपा, पण पाळायला अवघड आहे: जी शाळा सोडतीत ज्या गटात गेली, ती शेवटपर्यंत त्याच गटात मोजायची, मग तिथे वर्ग भरला असो वा नसो. न भरलेले वर्ग वगळण्याचा मोह होतो, पण वर्ग न भरणाऱ्या शाळा बहुधा अडचणीतल्याच असतात आणि त्या वगळल्या की सोडतीचा फायदा संपतो. सोडत शाळांची असल्यामुळे प्रमाण त्रुटीचा, म्हणजे अंदाजातल्या अनिश्चिततेचा, हिशेबही शाळानिहाय करावा लागतो. येथे संख्याशास्त्र जाणणाऱ्या सहकाऱ्याची मदत जरूर घ्यावी.

पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नवीन धरण, महामार्ग किंवा राज्यभर एकाच दिवशी लागू होणारा कायदा यांची सोडत निघत नाही. सुरगाण्यात जे लागू पडले ते येवल्यात किंवा मालेगावच्या यंत्रमाग वस्तीत लागू पडेलच असे नाही. २०१५ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले अँगस डीटन यांनी या पद्धतीच्या अतिविश्वासावर याच अंगाने टीका केली आहे. रोज बदलत असलेल्या, अजून घडी न बसलेल्या उपक्रमाचीही यादृच्छिक चाचणी करू नये.

प्रशिक्षण घ्यायचे कसे

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत २००३ मध्ये स्थापन झालेल्या जे-पाल या संस्थेचे अभ्यासक्रम या विषयात सर्वाधिक प्रचलित आहेत. त्यांत व्याख्यानांइतकाच वेळ प्रत्यक्ष प्रकरणांवरील गटचर्चेला आणि स्वतःच्या कार्यक्रमाचा आराखडा तयार करण्याला असतो. ऑनलाइन अभ्यासक्रमही आहेत, पण ते बहुतांश इंग्रजीत आहेत. नाशिकमध्ये वीस-पंचवीस जणांचा गट जमवून तीच प्रकरणे मराठीत चर्चेला घ्यावीत, असे मी आग्रहाने सुचवीन. गटात संस्थेचे कार्यकर्ते, पंचायत समितीचे अधिकारी आणि आकडेवारी सांभाळणारे असे तिघेही हवेत, कारण आराखडा यांपैकी एकट्याच्याने पूर्ण होत नाही. वर्गातल्या दिवसांनंतर प्रत्येकाला दोन दिवस एखाद्या पाड्यावर तपासणीला पाठवावे, आणि परत आल्यावर त्याने आपल्या प्रश्नावलीतले निदान चार प्रश्न बदलल्याशिवाय किंवा काढल्याशिवाय आराखडा स्वीकारू नये.

निष्कर्ष तयार झाल्यावर ते आधी केंद्रप्रमुखांच्या बैठकीत आणि ग्रामसभेत मराठीत सांगावेत, निधी देणाऱ्यांना त्यानंतर. दोन पानांच्या टिपणात परिणामाबरोबर खर्चही लिहावा: एका मुलामागे किती रुपये लागले आणि त्यात किती वाचन वाढले. फरक आढळला नसेल, तर तोही तितक्याच ठळकपणे लिहावा, आणि साखळीतला कोणता दुवा तुटला होता हे पुराव्यासह सांगावे. फरक आढळला असेल, तर तुलनेच्या शाळांत वर्ग कोणत्या महिन्यात सुरू होणार, ती तारीख त्याच सभेत, मुख्याध्यापकांच्या समोर जाहीर करावी.